नवी चाकं घेण्याआधी
बेळगाव ते निपाणी, राष्ट्रीय महामार्ग ४८. वाटेत संकेश्वर, पुढं निपाणीजवळ तवंदीचा घाट. चढावर रेसिंग सायकलवाल्याला महागड्या हलक्या चाकांचा मोह होतोच. पण सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले, तर ३०० ग्रॅमची बचत अर्धा टक्काही भरत नाही!

पैसे बेताचे असतील तर आधी टायर बदलावेत. २३ मिलिमीटरऐवजी २८चे लवचिक टायर घातले, की हवा थोडी कमी ठेवता येते आणि खडबडीत रस्त्यावर हादरे कमी बसतात. फ्रेम आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का, हे मात्र आधी मोजावं.

मग कारागिराकडून रिमचा आउट काढून घ्यावा, हबमध्ये ताजं ग्रीस भरून घ्यावं. जुनी चाकं विकत घेताना रिमची ब्रेक घासणारी बाजू झिजून खोलगट झाली असेल, तर ती स्वस्तातही घेऊ नयेत.