बोटावरचा एक थेंब



आमच्या हिंगोली जिल्ह्यात ‘मधुमेह’ म्हटलं तर कुणी वळून पाहत नाही. ‘शुगर’ म्हटलं की पारावरचे चार जण आपापल्या गोळ्यांची नावं सांगू लागतात. त्या चारांत मीही एक.

माझ्या लहानपणी अब्बांची तपासणी घरीच व्हायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळा राहिला की अम्मी हसायची. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला की घरात कुणी बोलायचं नाही. पण हा रंग उशिरा बोलायचा. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. आणि साखर फार खाली गेली तर ते लघवीतून कळतच नाही. अब्बांचा एक पाय शेवटी कापावा लागला.

आज ग्लुकोमीटर आहे. एक थेंब रक्त, काही सेकंद, आणि आकडा समोर. तरीही मी चुकलोच. काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये दुपार कलताना हात थरथरू लागले, घाम फुटला. मीटर कपाटात होतं. पण रक्त काढलं तर रोजा तुटेल, या समजुतीनं मी गप्प पडून राहिलो. मुलानं ओळखलं आणि बोट टोचलं. आकडा होता ५४. त्यानं साखरेचं पाणी पाजलं, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘बोट टोचून तपासल्यानं रोजा तुटत नाही. आणि जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा आहे.’’ आता रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा ठरवून घेतो. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली की रोजा सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकादशी आणि श्रावण सोमवार करणाऱ्या मित्रांनाही मी हेच सांगतो. निरंकार उपवासात साखर उतरते, तर साबुदाण्याच्या खिचडीवर ती चढते.

तपासण्याची रीतही सांभाळावी. एकदा केळ सोलून तसंच बोट टोचलं, तर ३१०! घाबरलो. साबणानं हात धुऊन, पुसून पुन्हा पाहिलं, तर १४६. केळाची साखर बोटाला होती. पहिल्या आकड्यावर जादा गोळी घेतली असती तर? बोट मधोमध टोचू नये, कडेला टोचावं. दुखणं कमी होतं. पट्टीची मुदत पाहावी, डबी घट्ट लावावी.

सकाळी उपाशीपोटी आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, या दोन वेळा महत्त्वाच्या. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत, असं लक्ष्य असतं. वयोवृद्धांचं डॉक्टर वेगळं ठरवतात. ७०च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं.

दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करावी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला फसवता येत नाही. मात्र अंगात रक्त कमी असेल तर तिचाही आकडा चुकू शकतो. दंडावर चिकटवायचे सेन्सरही आले आहेत. ते दहा-पंधरा दिवस कातडीखालच्या द्रवातली साखर सतत मोजतात. पण सर्वांना परवडत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अनेकांना तो असल्याचं माहीतही नसतं. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. हळद विकायला वसमतला जाल, तेव्हा तेवढा वेळ काढा.

माझ्या उशाशी दोन वह्या असतात. एकीत कविता, दुसरीत साखरेचे आकडे. कवितेच्या वहीत खाडाखोड चालते. दुसरीत मी ती करत नाही. वाईट आकडाही जसाच्या तसा लिहितो आणि डॉक्टरांपुढे ठेवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)