फोटोची पीडीएफ होत नाही तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या प्रयाग चिखलीच्या काकींच्या लेकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी आणि जातीचा दाखला काही चढेना. दाखला 2019 च्या महापुरात भिजलेला, काकींनी वाळवून जपलेला. त्याच्या फोटोची पीडीएफ करायला गेलो, तर अ‍ॅप म्हणे, 'फाइल अवैध'.

फोटो पुतण्याच्या आयफोनवर काढला होता. 2017 पासून हे फोन 'एचईआयसी' नावाच्या प्रकारात फोटो साठवतात आणि पुष्कळ अ‍ॅपना तो वाचताच येत नाही. पुतण्यानं फाइलच्या नावातलं शेपूट बदलून 'जेपीजी' केलं. बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून मिठाची साखर होते होय? आम्ही सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं आणि फोटो नव्यानं काढला. पीडीएफ झाली.

पण ती निघाली तीन एमबीची, अर्जाला हवी 256 केबीच्या आतली. दोष आमच्या गोधडीचा! दाखला तिच्यावर ठेवला होता आणि ठिगळांची बारीक नक्षी फाइल फुगवत होती. मग कडा छाटल्या, फोटो लहान केला आणि त्यानंतर पीडीएफ बनवली. अक्षरं वाचता येतील इतपतच लहान करायचा बरं का. काळा-पांढरा करून पाहिला, तर पुराचे डाग काळेकुट्ट होऊन शिक्काच दिसेना. 'ग्रेस्केल' म्हणजे करड्या रंगात मात्र शिक्का नीट उमटला.

पान आडवं दिसलं, तर फोटो फिरवून सेव्ह करा आणि पीडीएफ पुन्हा बनवा. कुणाकडून कागद मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. आणि आधारची पीडीएफ उतरवून घेतली असेल, तर तिला पासवर्ड असतो. कुलूप काढल्याशिवाय ती दुसऱ्या फाइलला जोडली जात नाही.

रात्री साडेअकराला अर्ज गेला. पाठवण्याआधी लेकीनं फाइल उघडून शिक्का, सही, क्रमांक वाचून दाखवला. काकींनी मूळ दाखला पुन्हा पिशवीत गुंडाळला. पंचगंगेला पाणी चढायच्या आत बाकीच्या कागदांचे फोटो काढायला त्या येत्या रविवारी येणार आहेत.