पहिल्या पाळीची वाट आणि हरणे



कामगार संघटनेचा कार्यकर्ता हरणांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते उसनी पुस्तके आणून. पण या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही, एका हजेरीपत्रकाने नेले.

आमचा एक सभासद सुप्याच्या बाजूला राहतो. पहिल्या पाळीसाठी तो पहाटे सहाला मोटारसायकल काढी आणि चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने कारखाना गाठी. सातला पाळी सुरू; सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. एका हिवाळ्यात, दिसते न दिसते अशा वेळी, तो चिंकाऱ्यावर आदळला. मांडीचे हाड मोडले. इस्पितळात मला म्हणाला, "आण्णा, एक म्होरनं गेलं, म्हणलं सुटलो. अन् मागनं दुसरं आलं." त्या दिवशी हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला होता.

आता त्या मुक्या जनावराची बाजूही ऐका. आपण ज्याला उजाड माळ म्हणतो, सरकारी कागदात पडीक लिहितो, तेच चिंकारा आणि काळवीट यांचे घर. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. त्याचा विस्तार अवघा सुमारे पाच चौरस किलोमीटर. हरणाला ही हद्द कोणी वाचून दाखवलेली नाही. चारा-पाण्यासाठी ते बाहेर येते आणि त्याची फिरण्याची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची. पाळी बदलण्याची वेळही तीच!

शिरूरकडच्या मंडळींना बिबट्याची धास्ती, म्हणून ती उसाच्या कडेने गाडी आणखी दामटतात. भीती मी समजू शकतो. पण उसातून रस्त्यावर काय येईल ते दिसत नाही, तेव्हा वेग वाढवणे हा उपाय नव्हे.

हिशेब साधा आहे. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. जनावर दिसून हातपाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, त्यानंतर ब्रेक लागतो. सगळे मिळून कोरड्या रस्त्यावरही साठ-सत्तर मीटर लागतात. आणि डिपरवर दिसते साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे ऐंशीने जाणारा माणूस स्वतःला दिसते त्याच्यापलीकडे गाडी हाकत असतो. पन्नासने गेले तर पस्तीसेक मीटरांत गाडी उभी राहते. समोरून वाहन नसेल तर अप्पर लावावा. दूरवर दोन ठिणग्या चमकल्या तर ते डोळे आहेत असे समजावे. हरीण झोतात दिपून जागीच उभे राहते, किंवा भलत्याच बाजूला उडी घेते. म्हणून वेग उतरवून दिवा डिपरवर आणावा, हॉर्न द्यावा आणि त्याला वाट मिळू द्यावी.

एक हरीण गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे समजू नये. कळपाची रीत एकामागे एक जाण्याची. दुसऱ्याची, तिसऱ्याची वाट पाहावी. आणि अगदी अंगावर आलेच तर हँडल वळवू नका. सरळ रेषेत ब्रेक लावा. चिंकारा वीस-पंचवीस किलोचा, मोठा काळवीट चाळिसाच्या आसपासचा. त्याला चुकवायला गेलेला माणूस समोरच्या ट्रकखाली किंवा चारीत जातो. शिरस्त्राण डोक्यावर असावे, आरशाला टांगलेले नको. (हे आमच्याच सभासदांना मी शंभरदा सांगितले आहे.)

धडक झालीच तर माणसासाठी १०८, जनावरासाठी वनखात्याचा १९२६. जखमी हरणाला पाणी पाजण्याच्या, उचलण्याच्या भानगडीत पडू नये. माणसांच्या गराड्यानेच ते घाबरून मरते. मेलेल्याचे मांस किंवा शिंग घरी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पण एवढे सांगून मी खाली बसलो तर अर्धेच बोललो असे होईल. वेग कमी करा हे ऐकणाऱ्याच्या खिशात फाटकाचे घड्याळ असते. उसाच्या ट्रकवाल्याला खेपेवर पैसे मिळतात. त्याला सावकाश जा म्हणणे म्हणजे एक खेप कमी कर म्हणणे. नागपूरजवळ पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाला जनावरांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. वाघासाठी जे सुचते ते माळावरच्या हरणासाठीही सुचायला हवे.

कायद्याचे एक सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. हरणावर आदळलेल्याला भरपाई मागायला दुसरा गाडीवाला नसतो. 'तुझीच चूक' म्हणून त्याची बोळवण होते. परंतु कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली ५१-ई हे कलम आले आणि घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा धरला जाऊ लागला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आहे. म्हणून अपघात झाला की पोलिसांत नोंद करा, जागेचा फोटो घ्या, त्या दिवशीची पाळी कोणती होती ते लेखी मिळवा.

आमचा सभासद सात महिन्यांनी कामावर परतला. आता तो पावणेसहाला निघतो. ती पंधरा मिनिटे त्याच्या झोपेतून जातात. थंडीच्या चार महिन्यांत ती फाटकाने सोडावीत, एवढे कलम पुढच्या करारासाठी आम्ही मागणीपत्रकात घातले आहे.