द्रुस : झाड की ओक?



जुन्या ग्रीक भाषेत ओकच्या झाडाला ‘द्रुस’ म्हणत. ग्रीसच्या वायव्येला डोडोना इथं झ्यूसचं स्थान होतं आणि तिथल्या ओकमार्फत देव कौल देतो, अशी लोकांची श्रद्धा होती. होमरच्या ‘ओडिसी’तही त्या झाडाचा उल्लेख येतो. एवढा मान असलेल्या वृक्षाचं नाव पहिल्यापासून त्याचंच असणार, असं आपल्याला सहज वाटतं. पण ग्रीकांचेच प्राचीन टीकाकार लिहून गेले आहेत, की पूर्वीचे लोक कोणत्याही झाडाला द्रुस म्हणत.

त्यांच्या म्हणण्याला बळ देणारी एक नोंद एका राजवाड्याच्या हिशेबात सापडते. ग्रीसमधल्या पिलोसचा हा राजवाडा इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास जळाला. त्या आगीत हिशेबाच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणूनच त्या टिकल्या. त्यांची लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली. एका पाटीवर लिहिलं आहे, की लाकूडतोड्यांनी चाकांच्या कारखान्याला ५० आस दिले. लाकूडतोड्याला तिथं ‘द्रुतोमोस’ म्हटलंय, म्हणजे द्रु तोडणारा. तो काही फक्त ओकच तोडत नसणार! आणि आसासाठी तिथं जो शब्द आहे, तो संस्कृत ‘अक्ष’चा सख्खा भाऊ. आपल्या बैलगाडीचा आसही या अक्षापासूनच आला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या एका ओळीत हे सगळं सापडावं, याचा मला फार आनंद होतो.

द्रुसचे नातलगही आपल्याकडे आहेत. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, द्रुम म्हणजे झाड. देवदार आणि दारुहळद ही नावं तर आपण आजही घेतो. ग्रीकांनी शब्द संस्कृतातून उचलला नाही, की आपण ग्रीकांकडून घेतला नाही. दोन्ही भाषांची पूर्वज भाषा एकच होती.

मग त्या पूर्वजभाषेत आधी ओक की आधी झाड? १९०१मध्ये हेर्मान ओस्टहॉफ या जर्मन पंडितानं ओकच्या बाजूनं कौल दिला. १९५४मध्ये फ्रान्सच्या एमिल बेनव्हेनिस्त यांनी तो खोडून काढला: मुळात अर्थ घट्ट, मजबूत असा, त्यावरून झाड, आणि ओक हा अर्थ ग्रीकांपुरता. मला बेनव्हेनिस्त यांचं पटतं, कारण आपल्या दारुला ओकचा वासही नाही.

द्रुस असा ओकच्या वाट्याला गेल्यावर ग्रीकांची साध्या झाडासाठी भिस्त ‘देंद्रोन’वर राहिली. तोही बहुधा याच मुळाची द्विरुक्ती होऊन बनलेला. ऱ्होडोडेंड्रॉन या नावात आजही तोच आहे.