थकलेल्यांना बोलावणं



संध्याकाळची हार्बरची गाडी वाशीची खाडी ओलांडते.
कुणी उभ्याउभ्याच डोळे मिटतं.

वाशीच्या बाजारात माथाडी कामगार दिवसभर पोती वाहतात.
ओझं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको.

मत्तयच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात,
येशू अशाच माणसांना जवळ बोलावतो.
थकलेल्यांना.
ओझ्याखाली वाकलेल्यांना.

आधी सुधारा, मग या, अशी अट नाही.
थकलेले आहात, तसेच या.

तिथेच तो आपलं जू खांद्यावर घ्यायला सांगतो.
जू दोन बैलांच्या मानेवर असतं.
काम सुटत नाही, पण ते एकट्यानं ओढावं लागत नाही.
मला या भागात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मराठीत हे बोलावणं गायलं कवी नारायण वामन टिळकांनी.
१८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.
घर दुभंगलं.
पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या.
पुढे त्या परतल्या, आणि त्यांनीही हीच श्रद्धा स्वीकारली.
हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिला आहे. जरूर वाचा.

ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांनी तुकोबांचा हात सोडला नाही.
अभंगातूनच त्यांनी ख्रिस्ताला आळवलं.

मराठी चर्चमध्ये त्यांची गीतं आजही गातात.
एखाद्या रविवारी तिथं जाऊन बसा.
थकलेले असाल, तसेच जा.
गाता आलं नाही, तरी चालेल.