ट्रकवाले, आजारी मुले आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्न, मराठी शाळा आणि मराठी फलक हे विषय दरवर्षीप्रमाणे आजच्या विषयपत्रिकेवर आहेतच. त्यांत आणखी एका विषयाची भर घालण्यास अध्यक्षांनी आम्हांस अनुमती दिली, याबद्दल त्यांचे आभार. विषय ट्रकचालकांचा आणि गंभीर आजारी मुलांचा आहे. या दोहोंचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. तो संबंध अमेरिकेतील एका जिल्ह्याने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जोडला. तेथूनच सुरुवात करू.

पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा शेतीप्रधान जिल्हा आहे. तेथील एका आजारी मुलाची इच्छा होती की मोठ्या ट्रकमध्ये बसावे आणि ड्रायव्हर लोक रस्त्यात एकमेकांशी ज्या सी. बी. रेडिओवर बोलतात, त्यावरून आपल्या भावंडाशी गप्पा माराव्यात. ही इच्छा पुरी करायला दोन ट्रक पुरेसे होते. परंतु ड्रायव्हर मंडळींत निरोप फिरला आणि १९९० साली सुमारे चाळीस ट्रक आपणहून येऊन उभे राहिले. तेव्हापासून मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्यांच्याकडील मातृदिनी, तेथे ट्रकांचा ताफा निघू लागला. पुढे त्यातील ट्रकांची संख्या शेकड्यांत गेली. आजारी मूल ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसते, रस्त्याच्या दुतर्फा गावकरी हात हलवत उभे असतात आणि पोरे भोंगा वाजवण्याची हौस फेडून घेतात. ड्रायव्हर त्या दिवसाची मजुरी घेत नाहीत, उलट निधी गोळा करून आणतात.

हा निधी 'मेक-अ-विश' या संस्थेकडे जातो. या संस्थेचे मूळही असेच साधे आहे. ॲरिझोना राज्यात ख्रिस ग्रेशियस नावाचा सात वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता. त्याला पोलीस व्हायचे होते. २९ एप्रिल १९८० रोजी तेथील पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवले, मानद अधिकारी केले आणि पुढे त्याच्या मापाचा गणवेशही शिवून दिला. ३ मे रोजी तो वारला. त्यातून उभी राहिलेली ही संस्था पुढे अनेक देशांत पोचली आणि १९९६ पासून भारतातही काम करू लागली. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही मरणाऱ्याची शेवटची इच्छा पुरवणारी संस्था नव्हे. आजार गंभीर असला की पुरे. यांतली कितीतरी मुले बरी होतात, मोठी होतात.

ऑस्ट्रेलियात वुलनगाँग शहराच्या परिसरातही ट्रक आणि मोटरसायकलींचा असाच ताफा निघतो. तेथे सर्वांत पुढे राहण्याचा मान सर्वाधिक निधी जमवणाऱ्या ट्रकला मिळतो. आपल्याकडे मानाच्या गणपतीसाठी जी चुरस असते, ती तेथे आजारी मुलांसाठी असते, असे म्हणायला हरकत नाही.

आता हे आपण का ऐकायचे? बेळगाव हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे गाव. ट्रान्सपोर्टचा धंदा आपल्या कितीतरी घरांत आहे. कोणी गाडीमालक, कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी मेस्त्री. परंतु मंडळाच्या कार्यक्रमात या लोकांना आपण कधी बोलावतो? गणेशोत्सवात मूर्ती आणायची असली, संमेलनाच्या खुर्च्या हलवायच्या असल्या की त्यांची आठवण होते. पत्रिकेत देणगीदाराचे नाव येते, गाडी देणाऱ्याचे येत नाही. लँकेस्टरच्या ड्रायव्हरांकडे धनादेश नव्हता. गाडी होती, भोंगा होता आणि शेजारची एक रिकामी सीट होती. तेवढ्यावर त्यांनी काम उभे केले.

दुसरी बाजू आजारी मुलांची. मुलांमधील सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा. त्यातील नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत मात्र हे प्रमाण फार कमी आहे. २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ साली ठरवले. गरीब देशांत मुले दगावण्याचे एक मोठे कारण म्हणजे अर्धवट सोडलेले उपचार. औषध असते, डॉक्टर असतात, पण प्रवास, राहणे, जेवण आणि बुडालेली मजुरी यांनी आईबाप थकतात आणि एक दिवस मुलाला घेऊन घरी परततात.

आपल्या भागातील अनेक कुटुंबे मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार अशा किती घरांना झाला असेल! २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, कर्नाटकाने त्याला विरोध केला. त्या वादात मंडळाची भूमिका सर्वांना ठाऊक आहे आणि ती बदलायचे कारण नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावरही आमची श्रद्धा आहे. पण ज्या घरात मूल तापाने फणफणले आहे, त्या घराला निकालाची वाट पाहता येत नाही. निकाल काय लागेल तो लागो, दरम्यान त्या घरी आपले कोण गेले, एवढेच त्या आईच्या लक्षात राहील.

म्हणून सभेपुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली. आपल्या लोकांच्या गाड्या मुंबईला सतत जात-येत असतात. उपचारासाठी तेथे राहिलेल्या कुटुंबाला घरचे तांदूळ, जोंधळ्याचे पीठ, चटणी, अंथरूण-पांघरूण पोचवण्याचे काम ट्रकवाल्यांनी अंगावर घ्यावे. भाडे नको, पावती नको.

दुसरी. रक्ताच्या कर्करोगात मुलांना प्लेटलेट वारंवार द्याव्या लागतात. त्या साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्या साठवून ठेवता येत नाहीत. दाता आयत्या वेळी लागतो. ड्रायव्हर, क्लीनर आणि आपली तरुण मुले यांची रक्तगटवार यादी मंडळाने करावी. त्याचबरोबर रेल्वेच्या सवलतीची माहिती घरोघर पोचवावी. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. हे माहीत नसल्यामुळे पूर्ण भाडे भरणारे लोक आहेत.

तिसरी. मे महिन्यातील एका रविवारी मैदानावर ट्रक सजवून उभे करावेत. मालवाहू गाडीत माणसे बसवण्यावर आपल्याकडे कायद्याची बंधने आहेत, म्हणून मिरवणूक नको. उभ्या गाडीत मुलांना चढू द्यावे, स्टिअरिंग धरू द्यावे, भोंगा वाजवू द्यावा. उपचार चालू असलेल्या मुलाला गर्दीतून संसर्गाचा धोका असतो, तेव्हा डॉक्टर होय म्हणतील त्यांनाच आणावे, बाकीच्यांच्या भावंडांना तरी जरूर आणावे. घरात एक मूल आजारी पडले की दुसरे एकटे पडते. लँकेस्टरच्या त्या मुलालाही आपल्या भावंडाशीच बोलायचे होते, हे विसरू नये.

यात मराठी, कन्नड, उर्दू असा भेद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हक्काची लढाई हक्काच्या ठिकाणी लढू. आजारी मुलाच्या उशाशी बसताना त्याची मातृभाषा विचारण्याची आपली रीत नाही.

कोणी म्हणेल, याने रोग बरा होतो का? होत नाही. रोग औषधाने बरा होतो. पण औषध पुरे होईपर्यंत आईबापांनी टिकून राहावे लागते, आणि ते टिकवणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असते.

सभेने या सूचनांचा विचार करावा आणि पहिल्या बैठकीला ट्रान्सपोर्टमधील आपल्या बांधवांना पुढच्या रांगेत बसवावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जय महाराष्ट्र.