राणीच्या बागेतील एक दिवस
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



हेदवीहून मुंबईस जाणाऱ्याला भायखळ्याची राणीची बाग नवी नाही. पण गेल्या शरदात भातकापणी उरकून आम्ही सारे मुलाकडे गेलो, तेव्हा तिथे अख्खा दिवस काढला. नातवंडांना पेंग्विन पाहायचे होते. सासूबाई मात्र गोरखचिंचेपाशीच थबकल्या. "हिला कवेत घ्यायला सगळं मंडळ लागेल गं!" म्हणाल्या. मूळची आफ्रिकेतली ही. बुंध्यात पाणी साठवते. आपल्याकडे मात्र तिला गोरखनाथांचे नाव मिळाले.

बाग १८६२ सालची. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली त्याला विलायतेस न्यायचे ठरले. उचलताना साखळी तुटली, हत्ती फुटला, म्हणून आपल्याकडे राहिला! तुकडे सांधून उभा केला आहे.

झाडे मात्र अशी दैवावर वाचली नाहीत. २००७ साली प्राणिसंग्रहालय नव्याने बांधण्याचा मोठा बेत निघाला आणि जुन्या झाडांवर गदा येणार असे दिसले. तेव्हा मुंबईतल्या काही बायकाच पुढे झाल्या. त्यांनी अर्ज केले, लोकांना बागेत फिरवून एकेक झाड ओळखायला शिकवले, वर्षानुवर्षे पिच्छा सोडला नाही. मूळ बेत मग तसा राहिला नाही. सभा-ठरावांना हसणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींना हे जरूर सांगा.

मार्गशीर्षात मंडळाची सहल तिकडेच न्यावी, अशी माझी सूचना आहे. पेंग्विनपाशी गर्दी फार. तेव्हा झाडे आधी पाहू. भाकऱ्या घरूनच न्याव्या.